ही उसण नव्हे

"डावा पाय लावायचा. तीनदा. जोर न्हाई करायचा. आन् झालं की वाकून पाया पडायचं. माणसाच्या पाठीला पाय लागलाय, हे इसरायचं न्हाई."

आईनं हे सांगितलं तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. मी पायाळू. जन्मताना आधी पाय आले, मग डोकं. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते, असं आमच्याकडं मानतात. कासुर्डीला माहेरी होते तेव्हा सकाळी दारात कुणी ना कुणी पाठ धरून उभं असायचं. लग्न होऊन वडगाव रासाईला आले, तर माझ्या आधी ही बातमी इथं पोचलेली. लोकांना हसू येतं. एवढी हळू बोलणारी बाई, आणि काम काय, तर लाथा मारायचं!

मंगळवारी माझ्या थोरल्या जाऊबाई आल्या. साखरआक्का. आमचं अंगण एक, चुली दोन.

"सुवर्णे, खांद्याच्या मागं उसण भरलीय बघ. झेंडू तोडायला वाकले आन् धरलीच. घे, पंधरा वर्षांचा राग काढून घे."

"काहीतरीच काय, आक्का."

त्या पाटावर पाठमोऱ्या बसल्या. मी पाय लावला, मग पाया पडले. "गेली की गं!" म्हणत त्या फुलांकडं गेल्या.

बुधवारी पुन्हा आल्या. अर्धी गेली, अर्धी राहिली म्हणाल्या. गुरुवारी म्हणाल्या, "चाललं की भरून येती, बसलं की उतरती. उसण बी आता आळशी झाली."

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. उसण वाकताना धरते, कूस बदलताना धरते. चालल्यावर येणारी आणि बसल्यावर जाणारी उसण मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. तरी मी पाय लावला. आणि दुपारी कळलं, दादांनी, म्हणजे आक्कांच्या मालकांनी, केडगावच्या डॉक्टरकडं नंबर लावला होता, तो आक्कांनीच रद्द केला. "सुवर्णाच्या पायानं उतरतंय, मग सुया कशाला टोचून घेऊ?"

म्हणजे त्यांना अडवलं होतं माझ्या पायानं.

आज शुक्रवार. अंघोळ करून पोथी उघडली. रोजचा अध्याय वाचल्याशिवाय मी पाणी घेत नाही. एकच ओवी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा वाचली, आणि काय वाचलं ते कळलंच नाही. डोळे सारखे आक्कांच्या दाराकडं जात होते. बाहेर दादा पिकअपमध्ये झेंडूचे क्रेट चढवत होते. मी उठले, उंबऱ्यापर्यंत गेले, परत येऊन बसले. पान उलटलं, पुन्हा मागं आणलं. देवापुढं बसून माझं मन असं कधी पळालं नव्हतं.

तेवढ्यात आक्का आल्या. वीस पावलांचं अंगण, त्यात दोनदा थांबल्या.

"लाव गं लवकर. फुलं जायचीत बाजारला."

मी पाय उचलला आणि टेकवला. पोलकं ओलंचिंब. कार्तिकातला गारठा, मी शाल पांघरलेली, आणि त्यांच्या पाठीला घाम. दुसऱ्यांदा माझा पाय उचलला गेलाच नाही.

"काय झालं? तीनदा लाव की."

बचत गटाच्या बैठकीत दवाखान्याच्या आशाताई एकदा बोलल्या होत्या. हृदयाचा झटका असला तरी बायकांना छातीत दुखतंच असं नाही. पाठीत दुखतं, जबड्यात दुखतं, घाम फुटतो.

"आक्का, जबडा दुखतोय का?"

"तुला कुणी सांगितलं? कालपास्नं दाढ ठणकतीय मेली."

"ही उसण न्हाई, आक्का."

"लाव म्हणते ना! देवाचं देणं हाय, त्यात हात आखडतीस व्हय?"

"देवानं मला उसणीपुरताच पाय दिलाय. हे दुखणं माझ्या पायाचं न्हाई. लावला तर मलाच पाप लागंल."

त्या मान वळवून बघतच राहिल्या. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यांनी उडवून लावलं असतं. पण पायाळू माणसानं नाही म्हटलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मीही कधी म्हटलं नव्हतं.

"झाली का लाथाळी?" दादा दारातून म्हणाले. "गाडी भरली."

मी पदर सावरला. थोरल्या दिरांपुढं मी कामापुरतंही बोलत नाही. "दादा, बाजार राहू द्या. आक्कांना केडगावला न्यायचंय. आत्ताच्या आत्ता."

"आगं, फुलं वाळतील की! आन् तिला काय धाड भरलीय?"

"त्यांच्या पाठीला हात लावून बघा."

दादांनी हात लावला. त्यांचा चेहराच उतरला. "क्रेट उतरवतो," ते पुटपुटले.

"त्यात येळ जाईल. असंच निघू."

आक्का उठायला लागल्या, पुन्हा बसल्या. आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "सुवर्णे, तिथं आत एकटीलाच नेत्यात. मला भ्या वाटतं गं. तू येशील?"

"येते."

"दारापोतर न्हवं. खाटंपशी."

"खाटंपशी येते. त्यांनी हाकललं तरी हलणार न्हाई."

"शब्द?"

"शब्द."

अध्याय अर्धाच राहिला होता. मी पोथी मिटली, देवापुढं हात जोडले, आणि आक्कांना काखेत धरून उठवलं. दादांनी आधी चढून गाडी चालू केली. आक्कांना मध्ये बसवून मी कडेला बसले आणि दार ओढून घेतलं. त्यांचा हात गार पडला होता. तो माझ्या मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरला. गाडी भीमेच्या पुलाकडं वळली.