चष्मा चालेल, कानाचं मशीन नको

मी एक जुनं श्रवणयंत्र आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने पक्का संशयी आहे. लोक मला कानाचं मशीन म्हणतात. काजूच्या आकाराचा, कानामागे बसणारा, पूर्वी कातडीच्या रंगाचा आणि आता वापरून वापरून चहाच्या रंगाचा झालेला. सध्या माझा मुक्काम कपाटाच्या खणात, बटणांच्या डबीत असतो. दिसायला मी एवढासा, पण एकदा माझ्यामुळे एक आई भरल्या सभेतून उठून गेली होती. तीच हकीकत मला सांगायची आहे.

माझा संशय जन्मजात आहे. ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथे कुणी कुणाच्या शब्दावर जात नसे. एकीने जोडलेली तार दुसरी चिमट्याने ओढून बघायची. दुसरीने बसवलेलं झाकण तिसरी उघडून बघायची. त्यात कुणाला अपमान वाटत नसे, उलट चूक सापडली की दोघी मिळून हसायच्या. शेवटी मला एका बंद पेटीत ठेवून बारीकसा आवाज वाजवला आणि मी तो पकडतो का, हे काट्यावर पाहिलं. काटा हलला. तरी तिथली मुख्य बाई म्हणाली, "ठीक आहे, पण परत एकदा घे." मला ते फार आवडलं होतं.

माझी मालकीण नाटकांत प्रॉम्प्टर होती. विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेला पडद्याआड, ती खुर्ची टाकून बसायची आणि नट अडला की पुढचा शब्द हळूच पुरवायची. सगळे तिला नुसतंच बाई म्हणत. दुसऱ्यांना कुजबुजून सांगण्यात तिचं आयुष्य गेलं आणि उतारवयात तिचेच कान गेले. मला पहिल्यांदा कानात घातलं तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन नुसती भांडी वाजवत बसली होती. "अगं, चमच्याला एवढा आवाज असतो?" असं म्हणून ती लेकीकडे बघून हसली आणि मग रडली. रोज सकाळी ती मला मऊ ब्रशने पुसायची. आठ वर्षांची नात चिमी आपली सगळी गुपितं आजीला नाही, थेट मला सांगायची. ते दिवस सोन्याचे होते.

मला दोन बटणं होती. पहिलं रोजचं. दुसऱ्याचा उपयोग फार थोड्यांना ठाऊक असतो. गावातल्या जुन्या नाट्यगृहात कमी ऐकू येणाऱ्यांसाठी जमिनीखालून एक तार फिरवलेली होती. दुसरं बटण दाबलं, की माइकमधून त्या तारेत गेलेलं बोलणं थेट माझ्यात उतरायचं. ना खोकला, ना खुर्च्यांची करकर. नट जणू कानाशीच येऊन बसायचा. बाईंनी तिथे जन्म काढलेला, त्यामुळे त्यांना ती तार घरच्या दोरीसारखी माहीत होती.

मग चिमीला फिट आली. गच्चीवर निळ्या पाण्याच्या टाकीपाशी खेळताना ती कोसळली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या रोज घ्यायच्या, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, असं बजावलं. गोळ्यांनी फिट्स थांबल्या, पण पोर पेंगुळलेली राहायची, वर्गात मागे पडायची. चिमीचे वडील दूर कामाला होते. सगळा भार बाईंच्या लेकीवर. ती थकली होती, घाबरली होती, आणि थकलेल्या माणसाला कुणीतरी "सगळं ठीक होईल" असं ठामपणे म्हणायला हवं असतं. डॉक्टर तसं म्हणत नव्हते. दयाघन म्हणत होता.

लोक त्याला दयाघन म्हणायचे. तो त्याच नाट्यगृहात सभा घ्यायचा, प्रार्थना करायचा आणि अनोळखी माणसांची दुःखं त्यांनी न सांगता ओळखायचा. आमची गल्ली बघता बघता त्याची झाली. किराणावाली जायची, शिंपीण जायची, चिमीच्या शाळेतल्या शिक्षिकासुद्धा जायच्या. न जाणाऱ्याला दुकानात, जिन्यात, फाटकापाशी एकच प्रश्न यायचा, "तुम्ही अजून नाही गेलात?" मित्रांनो, दहा माणसं एकच प्रश्न एकाच सुरात विचारू लागली की माझ्या मनात पाल चुकचुकते.

पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराबाहेर लांब रांग होती. एक गोड बोलणारी मुलगी रांगेतल्यांना पाणी देत होती. "दमलात ना ताई? कोण आजारी आहे? कधीपासून?" लेकीने मन मोकळं केलं. टाकीसुद्धा सांगितली. पुढे दारात एक टोपली होती. "आजी, कानाचं मशीन इथे काढून ठेवा. आत फक्त श्रद्धा न्यायची." बाईंनी मला काढलं आणि मी माझ्यासारख्याच पाचपन्नास जातभाईंच्या ढिगात जाऊन पडलो. आम्ही एकमेकांच्या कानी लागून शिट्ट्या मारत बसलो, कारण आमच्याकडून दुसरं काही होण्यासारखं नव्हतं.

आत काय झालं ते मला घरी आल्यावर कळलं. दयाघनाने डोळे मिटून म्हटलं होतं, "एक मुलगी... निळी टाकी... पाणी..." आणि लेक हुंदके देत उठली होती. गोळ्यांचा आधार म्हणजे अर्धा विश्वास, असं तो म्हणाला. त्याच संध्याकाळी गोळ्यांचा डबा फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर गेला.

"आई, त्यांना टाकी कशी कळली, सांग ना!" लेक म्हणाली.

"तेच मला कळायला हवंय."

"तुला ना, सगळ्यात खोट दिसते."

"अगं, मला ऐकू काही आलं नाही, म्हणून मी नुसती बघत होते. तो माणूस प्रत्येक वाक्याआधी थांबतो. मान जराशी कलती करतो. पाठांतर कच्चं असलेला नट असाच थांबतो, बाळ."

"देवाचं ऐकत असतील."

"असेल. मग देव विंगेत बसतो म्हणायचा."

लेक रागाने उठून गेली. दोन दिवस मायलेकींत कामापुरतंच बोलणं होतं. बाई मला पुसत बसल्या आणि स्वतःशीच पुटपुटू लागल्या. "चष्मा चालतो. काठी चालते. कुबड्यासुद्धा चालतात. कानाचं मशीन तेवढं नको?" त्यांचा ब्रश थांबला. मीही कान टवकारले.

आठवडाभरात चिमीला परत फिट आली. दात घासता घासता पडली, हनुवटी फुटली. बाई म्हणाल्या, "गोळ्या काढ." पण लेक पांढरीफटक पडून एकच घोकत होती, "माझीच श्रद्धा कमी पडली. माझ्यामुळे झालं." पुढच्या सभेत उरलेल्या गोळ्या दयाघनाच्या पायाशी टाकायच्या, असं तिने ठरवलं. डबा पर्समध्ये घातला. एकदा तो तिथे टाकला असता, तर ती पुन्हा डॉक्टरांची पायरी चढली नसती. बाईंनी वाद घातला नाही. फक्त म्हणाल्या, "मीही येते."

त्या दिवशी त्यांनी अंबाडा घातला नाही. केस कानांवरून सैल सोडले आणि मी त्यांच्या आड लपलो. दारातल्या माणसाने विचारलं, "आजी, मशीन?"

"काय म्हणालास?" बाई केवढ्यांदा तरी ओरडल्या. "मशीन? घरी राहिलं रे!"

तो दचकून बाजूला झाला. नटांच्या संगतीत राहून बाई थोडंफार शिकल्या होत्याच. लेक मात्र पाणी देणाऱ्या मुलीपाशी थांबली होती आणि फिट, हनुवटी, पर्समधल्या गोळ्या, सगळं तिच्याजवळ ओतत होती.

आम्ही चौथ्या रांगेत बसलो. चिमी आईच्या मांडीवर झोपली. गाणी झाली, दिवे मंद झाले, दयाघन आला. बाईंनी केस सारखे केल्याचं दाखवत माझं दुसरं बटण दाबलं.

आधी नुसती घरघर आली. मग अगदी स्पष्ट, कानाशी बसल्यासारखा आवाज आला. तो दयाघनाचा नव्हता. पाणी देणाऱ्या मुलीचा होता. ती कुठूनतरी आडून त्याच तारेत बोलत होती, आणि दयाघनाच्या कानात माझाच कुणी जातभाई लपलेला असणार. "दुसरी रांग, मधोमध, पिवळा शर्ट. मुलगा घर सोडून गेलाय." दयाघनाने मान कलती केली, थांबला आणि म्हणाला, "एका बापाचं काळीज तुटतंय. मूल घरात नाही." दुसऱ्या रांगेतला पिवळा शर्ट ढसाढसा रडू लागला.

बाईंच्या मानेवरची शीर ताठ झालेली मला जाणवली. मला वाटलं, आता त्या ओरडणार. पण बाईंनी उभा जन्म पडद्याआड काढला होता. त्यांनी मला शांतपणे काढलं आणि लेकीच्या कानात खुपसलं.

"आई, आता नको!"

"नुसतं ऐक. मी काही बोलत नाही."

माझा साचा बाईंच्या कानाच्या मापाचा, लेकीच्या कानात तो नीट बसत नव्हता. मी थोडी शिट्टी मारली, मग बोटाच्या दाबाने गप्प झालो. आणि तारेतून आवाज आला, "चौथी रांग, कडेला. निळी टाकीवाली. फिट परत आली म्हणते. श्रद्धा अर्धी आहे म्हण. गोळ्या पर्समध्येच आहेत, टाकायला लाव. आणि तिला जरा रडू दे, मागच्यांना दिसू दे."

दयाघनाने मान कलती केली. "चौथ्या रांगेत एक आई आहे," तो मायेने म्हणाला. "तिची श्रद्धा अर्धी आहे. ये, बेटा. ओझं इथे टाक."

सगळी सभा वळून बघू लागली. किराणावाली हात जोडून म्हणाली, "जा गं, जा!" लेक उठली. चिमीला खांद्यावर घेतलं, पर्स काखेत दाबली. लोकांनी वाट करून दिली. ती रंगमंचाकडे न वळता दाराकडे वळली.

तारेतला आवाज म्हणाला, "चालली ती. सोड. पुढची घे."

"काहींची वेळ अजून आलेली नसते," दयाघन करुणेने म्हणाला.

बाहेर पायरीवर बसून लेकीने डबा उघडला. पाणी सभावाल्यांनी ठेवलेल्या पिंपातलं घेतलं नाही, रस्त्यापलीकडच्या नळावरून आणलं आणि अर्धवट झोपेतल्या चिमीला गोळी दिली. मग ती म्हणाली, "मीच सांगितलेलं मलाच ऐकवलं गं, आई."

"काय म्हणालीस?" बाईंनी विचारलं. त्यांचा कान तर लेकीकडे होता.

लेकीने मला काढलं, पदराने पुसलं, आईच्या कानात बसवलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणताना तिला रडू फुटलं. मी असंख्य वाक्यं ऐकली, मित्रांनो, पण त्या वाक्याइतकं जड वाक्य मी कधी वाहून नेलं नाही.

दयाघनाचं काही बिघडलं नाही. सभा चालू राहिल्या. लेकीने गल्लीत सांगितलं तेव्हा किराणावाली म्हणाली, "जुनाट मशीन ते, काहीही ऐकू येईल." माझ्यावर संशय घेतल्याचा मला राग आला नाही. "मग तुम्हीच कानात घालून बघा," लेक म्हणाली. तेव्हा मात्र तिने कानांवर हात ठेवले. संशय घ्यायचा आणि तपासायचं मात्र नाही, हे मला पटत नाही. देव आहे की नाही, ते मला ठाऊक नाही. मी त्याला कधी ऐकलेला नाही. त्याच्या नावाने कुजबुजणारी ती मुलगी मात्र मी ऐकली आहे.

पुढे बाईंना नवं, छोटं मशीन मिळालं आणि मी डबीत आलो. सेल कुणी काढला नाही, तो आतल्या आत पाझरला, माझ्या कडा हिरव्या पडल्या. आता बाई नाहीत. म्हणून विनंती करतो, जुनं यंत्र ठेवून देताना त्यातला सेल आठवणीने काढा. आणि कुणी तुम्हाला कान, डोळे किंवा प्रश्न दाराशी काढून ठेवायला सांगितलं, तर आत जाण्याआधी कारण विचारा.

चिमी आता उंच झाली आहे. गोळी घेण्याआधी तिच्यावरचं नाव वाचते. परवा तिने मला डबीतून काढलं, हिरवी पूड खरवडली, नवा सेल घातला आणि कानाला लावून टेबलावर टिचकी मारली. मी जिवाच्या कराराने तो आवाज पकडला. तिचा चेहरा उजळला. तरी तिने भुवया आक्रसल्या आणि म्हणाली, "परत एकदा."