तळ करपला तो उन्हाळा

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. लॅव्हेंडरच्या फुलांचे तेल गाळणे हे माझे काम. लूर डोंगराच्या उतारावरच्या लहानशा मळ्यात मी साठ उन्हाळे काढले. एवढ्या वर्षांत माझ्यातून करपट तेल एकदाच निघाले. मित्रांनो, त्याबद्दल बोल मात्र मला लागला.

जुलैत विळ्याने कापलेली फुले दोन दिवस सुकवून माझ्यात भरतात. तळाला पाणी, त्यावर जाळी, जाळीवर फुले. मळ्याची मालकीण ओनोरीन. तिची मुलगी सिदोनी आत उतरून फुले पायांनी तुडवते, मग वाफ निसटू नये म्हणून झाकणाच्या सांध्याला कणीक लिंपतात आणि खाली विस्तव पेटवतात. वाफेबरोबर उतरणाऱ्या तेलाचा पहिला थेंब ओनोरीन मनगटावर चोळून हुंगते. आतले पाणी आटू लागले, तरी तिला वासावरूनच कळायचे. म्हणून पाणी दाखवणारी काचेची नळी मला कुणी बसवलीच नाही. मलाही त्याचा मोठा तोरा होता.

गेल्या हिवाळ्यात ओनोरीन तापाने अंथरुणाला खिळली. उठल्यापासून ती गप्पगप्प असायची. तेल गाळण्याचा हंगाम सुरू झाला, तशी मनगट दोनदा हुंगायची आणि हळूच सिदोनीच्या चेहऱ्याकडे पाहायची. मला शंका आली, पण करणार काय?

मग वरच्या उतारावरची फुले आली, सगळ्यांत चांगली. ओनोरीन विस्तवापाशी एकटीच होती. माझे पाणी संपले, तळ तापला, देठ जळू लागले. ती शांतपणे मनगट चोळत बसली होती. करपट वास येताच सिदोनी शेतातून धावत आली, तर ओनोरीन म्हणाली, "तेल छान उतरलंय."

सिदोनीने झाकण काढून काळा तळ पाहिला. "हंडाच म्हातारा झालाय, आई. भंगारात देऊ आणि स्टीलचा आणू."

ओनोरीनने माझी बाजू घेतली नाही. मला तिचा फार राग आला. संध्याकाळभर ती राखेने माझा तळ घासत होती, तरी राग गेला नाही.

सकाळी भंगारवाला दारात आला, तेव्हा तिने माझ्या काठावर हात ठेवला.

"याला देऊ नकोस. याचा तळ धड आहे. माझं नाक गेलंय, सिदोनी. हिवाळ्यापासून कशाचाच वास येत नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर मला विस्तवापाशी बसू दिलं असतंस?"

सिदोनी फुलांच्या चोथ्याच्या ढिगावर बसली आणि रडली.

आता मला काचेची नळी आहे. ओनोरीन तिच्यातल्या पाण्यावर नजर ठेवते. पहिला थेंब अजून तिच्याच मनगटावर पडतो. मग ती ते मनगट लेकीच्या नाकापाशी धरते आणि विचारते, "कसं आहे?" ओनोरीनचा तो चेहरा मला पाहवत नाही.

मित्रांनो, जुनी भांडी घासूनपुसून ठेवा, हे तर मी सांगेनच. पण घरातले कुणी एकाएकी गप्प झाले, तर जवळ बसून विचारा. मला आधीपासून शंका होती आणि विचारता येत नव्हते. तुम्हाला तोंड आहे.