डावी पाकळी

“दादा, आजचो प्रश्न जरा जड आसा,” चंद्रावती म्हणाली आणि सभामंडपाच्या पायरीवर टेकली.

दत्ताराम गुरव देवाच्या पाषाणावर कळशी रिती करत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. “असांदे. देवाक काय, हलको नि जड सारखोच,” तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली. हल्ली असं फार व्हायला लागलं होतं. तोंड सवयीने गुरवाचं बोलायचं आणि आत कोणी दुसराच बसून ते ऐकायचा.

हा नववा सोमवार. सोमवारी अर्धं गाव मासळी खात नाही, वेंगुर्ल्याच्या बाजारातही गिऱ्हाईक नसतं. चंद्रावती मासे विकणारी बाई, म्हणून तिचे प्रश्न सोमवारी येत. सकाळीच दत्तारामची बायको सीता तगरीच्या पाकळ्या ताटलीत काढून देताना म्हणाली होती, “चंद्रावतीच्यो दोन जास्त घातलंय. तिचा काय एका कौलात भागणा नाय. आणि तुमचा तोंड असा कित्याक? विचारूचा तिका आसा, बोलूचा देवाक आसा. तुमी मधल्या मधी कित्याक सुकतास?”

दत्ताराम ताटली घेऊन निघाला होता.

या देवळातला कौल सोपा. ओल्या पाषाणाच्या दोन खांद्यांना एकेक पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्नं, विहिरी, होड्या, भावाभावातले बांध, सगळं या दोन पाकळ्यांवर ठरत आलं होतं. दत्ताराम एकतीस वर्षं त्या लावत होता. देवाला त्याने स्वतःच्या पोरांपेक्षा जास्त वेळा आंघोळ घातली होती. पाण्याचा पातळ थर असला की पाकळी घट्ट बसते, थेंब जाड राहिला की घसरते, हे त्याला विशीतच कळलं होतं. तेव्हा तो मोठ्या उत्साहाने बापाला सांगायला गेला, तर बाप म्हणाला, “अक्कल पाजळू नको. हात धू आणि नैवेद्य दाखव.” देव आहे की नाही, हा प्रश्न दत्तारामला पडत नव्हता असं नाही. पण तो सुटायच्या आत कोणीतरी येऊन घंटा वाजवायचं. त्याने एवढाच नेम ठेवला होता, की पाणी पडेल तसं पडू द्यायचं, आपण हात लावायचा नाही. देव असला तर तो करील, नसला तर पाणी करील.

तो नेम गेल्या चैत्रात मोडला.

चंद्रावतीची उर्वशी एकोणीस वर्षांची होती आणि जन्मापासून तिच्या काळजाला भोक होतं. चार पावलं चालली की ओठ जांभळे पडायचे. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. चंद्रावतीला ते करायचं होतं. तिचा नवरा विठोबा, होडीवरचा माणूस, त्याचं म्हणणं, आहे तशी राहू दे. घरात महिनाभर धुसफूस झाली आणि शेवटी दोघं देवाकडे आली. दत्ताराम वर्तमानपत्र वाचणारा माणूस. डॉक्टर सांगतात ते खरं असणार, पोर बरी होईल, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याने उजव्या खांद्यावर थेंब जाड ठेवला आणि डावीकडचं पाणी तळहाताने निपटून पाकळी अंगठ्याने दाबली. गाऱ्हाणं अर्धं व्हायच्या आत उजवी पडली. चंद्रावतीने पदर तोंडाला लावून हुंदका दिला. विठोबा म्हणाला, “देव सांगता तर जाऊया.”

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी नाक्यावरच्या एस.टी.डी. बूथवर फोन आला.

कोणी देवाला बोल लावला नाही. लावला असता तर दत्तारामला बरं वाटलं असतं. विठोबा पुन्हा होडीवर जायला लागला, आणि दिवाळीनंतर चंद्रावती देवळात यायला लागली. देवाने होय म्हटलं, तरी पोर गेली. देव खोटं बोलत नाही. म्हणजे चूक आपलीच काहीतरी असणार. एवढा हिशेब तिने मनाशी केला होता आणि ती चूक शोधायला ती दर सोमवारी येत होती.

पहिल्या सोमवारी तिने विचारलं, पोर लहानपणी तापातून उठली तेव्हा देवीला रेशमी लुगडं बोलले होते आणि सुती नेसवलं, ते भोवलं का? नंतर विचारलं, सासूशी भांडून तिचे तळतळाट घेतले, ते का? एकदा विचारलं, पोटुशी असताना ग्रहण लागलं होतं आणि घरात पाहुणे, म्हणून कोयतीवर सुरमई कापली. तीच कोयती पोरीच्या काळजाला लागली का?

देव प्रत्येक वेळी नाही म्हणाला. म्हणजे दत्ताराम म्हणाला. दर खेपेला डावीकडे जाड थेंब ठेवून तो ती पाकळी पाडत होता. त्याला वाटलं, चार वेळा नाही ऐकलं की बाई निवांत होईल. पण ती घरी जाऊन विचार करायची, हे नाही, तर मग दुसरं काहीतरी आहे. आणि पुढच्या सोमवारी आणखी मागची, आणखी खोलातली चूक उकरून घेऊन यायची. गावात अशी बाई शोधून सापडली नसती जिने इतक्या कमी चुका केल्या असतील. आता त्या संपत आल्या होत्या.

“सांग,” दत्ताराम पाकळी उचलत म्हणाला. “काय विचारूचा?”

चंद्रावतीने पदर खांद्यावरून नीट घेतला. “विचारा, तिका जल्माक घातलंय, ताच माझा चुकला काय?”

दत्तारामचा हात तिथेच राहिला.

“म्हणजे बघा,” ती समजावून सांगायला लागली, जशी बाजारात मासळीचा भाव समजावते तशी. “कुंभार भोकाचा मडक्या बाजारात नेणा नाय. घरीच फोडून टाकता. मगे देवान भोक ठेवून माणूस धाडल्यान कित्याक? तेका ती धाडूची नसतली. मीच नवस केलंय, मीच मागून घेतलंय. तो नको म्हणी होतो, मी वडून आणलंय. असा असात तर सांगांदे. एकदा कळला म्हणजे झाला.”

देवळात कोणी नव्हतं. पाषाणावरून पाणी ओघळून पन्हळीत पडत होतं. दत्तारामने पाकळी ताटलीत परत ठेवली. नाही म्हणावं, तर पुढच्या सोमवारी ती याच्याही मागचं काय घेऊन येईल? याच्या मागे आता तिचा स्वतःचा जन्म तेवढा उरला होता.

तो गाभाऱ्याचा उंबरा उतरून खाली आला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. गुरव पूजेच्या वेळी असा बसत नाही. चंद्रावती गडबडली. “काय झाला? चक्कर येता?”

“चंद्रावती, तो चैताचो कौल देवान दिलेलो नाय. मी दिलंय.”

“म्हणजे?”

“डावी पाकळी मी दाबून बसवलंय. ह्या आंगठ्यान. पडूचीच नाय अशी. आणि ह्ये आठ सोमवार पण मीच ‘नाय, नाय’ म्हणतंय.”

तिने त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दत्तारामला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. चंद्रावती हसली. चैत्रानंतर तिला हसताना त्याने पहिल्यांदा पाहिलं.

“दादा, तो आंगठो कोणी केलो? तुमी?”

“नाय, पण—”

“मगे? देवाक सांगूचा होता, तेणा तुमच्या हातान सांगल्यान. तेका खंय हात आसत? धोंडोच तो. इतकी वर्सां पूजा करतास आणि इतक्याच कळाक नाय तुमका? जीव खावन घेतलास उगाच. सीतावयनी बाजारात सांगी होती, जेवणत नाय म्हणान.”

ती त्याची समजूत घालत होती. दत्ताराम ऐकत राहिला. सुटकेचं दार सताड उघडं होतं, नुसतं बाहेर पडायचं होतं. उठावं, हात धुवावेत, पाकळ्या लावाव्यात. चूक देवाच्या पदरात गेली असती आणि देवाने ती मुकाट्याने घेतली असती, आजवर घेत आला तशी.

फक्त एक गोष्ट त्या दारातून बाहेर जात नव्हती.

कौलाच्या आदल्या दिवशी दुपारी उर्वशी एकटीच देवळात आली होती. “काका, उद्या आवस-बापूस येतले. कौल डावो द्या,” म्हणाली. दत्ताराम म्हणाला, कौल मी देत नाही, देव देतो. तशी ती फसकन हसली. “देव खंय देता? पाकळी पडता. मी ल्हानपणापासून बघतंय. तुमका कळना नाय असा थोडाच आसा?” तो रागावला. एवढीशी पोर, त्याचं एकतीस वर्षांचं गुपित असं चिंच फोडावी तसं फोडून मोकळी झाली होती. मग ती हसायची थांबली. म्हणाली, “डॉक्टर म्हणता, तसाच ऱ्हवलंय तर पाच-सात वर्सां. पाच वर्सां काय थोडी जाली? माका पुरे. माणसान कित्याक जगूचा ता म्हातारी होवन मरतत तेंका तरी कळता? तुमका कळला?”

दत्तारामला उत्तर येत नव्हतं. येत नव्हतं म्हणून तो आणखी चिडला होता. “बरा, बरा, बघतंय,” असं म्हणून त्याने तिला वाटेला लावलं. ती समजली की काकांनी कबूल केलं. जाताना तिचा चेहरा इतका मोकळा होता, की त्याला तो अजून विसरता येत नव्हता.

“चंद्रावती,” तो म्हणाला, “उर्वशी आदल्या दिसा हंय इली होती.”

तिचं हसू जागच्या जागी राहिलं.

“डावो कौल द्या म्हणान सांगूक. तिका जावचा नव्हता. मी ‘बघतंय’ म्हटलंय. आणि दुसऱ्या दिसा उजवो दिलंय. ह्यात देव नाय गो. ह्यात ती आणि मी, दोघाच होताव.”

नैवेद्याच्या पानाजवळ एक कावळा आला, चंद्रावतीकडे बघून उडून गेला. मग ती म्हणाली, “माका सांगूक नाय तिना.”

“तू रडशीत म्हणाली.”

“रडलंय असतंय,” चंद्रावती म्हणाली. “रडान कोण मरता?”

दत्तारामने मान खाली घातली.

“आणि त्या दिसा मी हात जोडून उभी होतंय, ती कोणाक विचारी होतंय?”

“माका.”

“आणि ह्ये सोमवार? ती सासू, ती कोयती, सगळा?”

“माका.”

“कोणाक सांगूचा नाय असा सगळा तुमका सांगलंय मी.” आवाज चढला नव्हता. “माका देवासमोर नागडा केलास, आणि थंय तुमी बसलेले.”

दत्तारामचा ओला पंचा अंगाला चिकटला होता. देवळाबाहेरच्या वाटेवरून सायकलवाला गेला आणि सवयीने घंटी वाजवून देवाला नमस्कार करून गेला.

“मी तुमका माफ करूचंय नाय, दादा.”

“नको करू.”

“कधीच नाय.”

“होय.” मग त्याला राहवलं नाही. “माका वाटला होता, डॉक्टर सांगतत तर चेडू बरा होतला, माझ्या मनात—”

“तुमचा नको,” चंद्रावतीने त्याला तोडलं. “तुमचा माका काय करूचा? तिचा सांगा.”

“तिचा?”

“इली तेव्हापासून सांगा. खंयसून इली, काय बोलली. तिचा मेल्यापासून नवीन काय माझ्या कानावर पडाक नाय. सगळी तीच तीच सांगतत. ह्या माका म्हायत नव्हता. सांगा.”

दत्तारामने तिच्याकडे पाहिलं. ती पायरीवर पुढे सरकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर. तो सांगायला लागला. तळीकडच्या वाटेने आली. दोनदा बसली, एकदा दगडी गडग्यावर आणि एकदा दीपमाळेशी.

“दम लागलो होतो?”

“लागलो होतो. पण हसत होती. माका म्हणाली, काका, तुमचो देव इतको लांब कित्याक ऱ्हवता?”

“असाच बोला ती,” चंद्रावती म्हणाली. “घायन सांगू नका, सावकाश. मगे?”

“मगे खांबाक पाठ लावन बसली. मी केळा दिलंय. अर्धा खाल्ल्यान, अर्धा गायीक घातल्यान.”

“कपडे खंयचे?”

“निळो ड्रेस. हातात शिवणाच्या क्लासाची टेप होती. बोलताना ती बोटाक गुंडाळी होती, सोडी होती.”

“आणि केस? मोकळे काय बांधलेले?”

दत्तारामला आठवायला थोडा वेळ लागला. चंद्रावती थांबून राहिली.

“बांधलेले,” तो म्हणाला. “अगदी वर. पेन्सिल खोवलेली.”

“उकडत होता मगे तिका,” चंद्रावती म्हणाली. तिने डोळे पुसले नाहीत. “हां. आणि मगे?”