शिवराजच्या ताटातले मीठ

मी एक जुनी मिठाची बरणी आहे, मित्रांनो, आणि माझा स्वभाव संशयी आहे. जिला जन्मभर ओल्या हातांना भ्यावे लागले, तिचा स्वभाव दुसरा कसा असणार?

भट्टीच्या धगीतून मी पक्की होऊन निघाले. अफझलगंजच्या एका दुकानात कुसुमताईंनी मला टिचकी मारली, आवाज ऐकला आणि मांडीवर धरून गौलीगुड्याला आपल्या घरी नेले. तिथे लोणच्याच्या बरण्यांहून माझा मान मोठा होता. पुढे त्यांचा धाकटा मुलगा शिवराज आणि सून योगिनी अंबरपेठेत वेगळे राहू लागले, तेव्हा ताईंनी मला त्यांच्याकडे धाडले.

तिथे मी शिवराजचे दोन्ही रंग पाहिले. कधी तो झोपेवाचून दिवस काढी, अखंड बोले, एकाच वेळी चार धंदे मांडू पाही. कधी भिंतीकडे तोंड करून पडे आणि ताट भरलेलेच परत येई. शेवटी डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, बायपोलर. माझ्या मागे गोळ्यांची चंदेरी पाकिटे येऊन बसली.

मला ती पाहुणी पटली नाहीत. चांगली होती, तर कोणी आले की योगिनी त्यांना माझ्या आड का लपवी? हळूहळू शिवराज वेळेवर झोपू लागला, कामावर जाऊ लागला. तरी मी संशय सोडला नाही.

मग कुसुमताई राहायला आल्या. त्यांच्या नजरेतून काय सुटणार?

"हे कशाचं गं?"

"बीपीच्या गोळ्या आहेत, आई," योगिनी घाईने म्हणाली. सासूबाई नवऱ्याला वेडा म्हणतील, ही तिची भीती.

शेजारची भाग्यलक्ष्मी दारातच उभी होती. "अम्मा, बीपीवाल्याला उप्पु नक्को. आमच्या ह्यांचं तर मीठ बंदच आहे."

झाले! ताई शिवराजची भाजी आधी वेगळी काढू लागल्या आणि मग माझ्यात चमचा घालू लागल्या. योगिनी कामावरून येई तोवर त्याचे जेवण उरकलेले असे.

"आई, ही काय दवाखान्यातली डाळ?" शिवराज कुरकुरे, पण आईच्या हातचे म्हणून खाई.

त्या चंदेरी पाहुण्यांनीच मला त्याच्या ताटातून हुसकावले, अशी माझी खात्री झाली.

थोड्याच दिवसांत त्याचा हात थरथरू लागला, चहा बशीत सांडू लागला. मग उलट्या आणि जुलाब सुरू झाले. एका सकाळी तो दाराची चौकट धरून झोकांड्या खात उभा राहिला. जीभ जड झाली होती.

ताईंनी पाकीट मुठीत आवळले. "काय चारतेस गं माझ्या लेकराला? मोरीत टाकते या गोळ्या!"

"थांबा, आई! डॉक्टरांना विचारू द्या!"

डॉक्टरांचा आवाज फोनमधून स्वयंपाकघरभर ऐकू आला. "जेवणात काही बदल? मीठ कमी केलंय का?"

ताईंनी माझ्याकडे पाहिले. "मीच बंद केलं. सून बीपी म्हणाली ना!"

"ताबडतोब घेऊन या. पुढची गोळी देऊ नका. हे लिथियम आहे. मीठ एकदम तोडलं की ते रक्तात साचतं आणि विषासारखं बाधतं."

दवाखान्यात रक्त तपासले, सलाईन लावले. काही दिवसांनी शिवराज आपल्या पायांनी घरात आला. योगिनीने मान खाली घालून आजाराचे खरे नाव सांगितले.

ताईंनी विचारले, "मी काय वेडा म्हटलं असतं त्याला?" मग त्याच म्हणाल्या, "म्हटलं असतं बहुतेक. पण मीठ तरी घातलं असतं."

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा बेताने सुरू केल्या आहेत. ताईंचा संशय अजून गेलेला नाही. "रक्त कधी तपासायचं? पाणी प्यायलास का रे?" असे विचारून त्या जीव खातात. पाकिटे आता माझ्या मागे नाहीत, शेजारी उघड्यावर बसतात.

मित्रांनो, संशय येणे वाईट नाही. तो मनात मुरवू नका, डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने गोळी सोडू नका आणि ताटातले मीठही तोडू नका. माझ्या आड हवा तर खाऊ लपवा. दुखणे लपवू नका.