बाहुल्यांच्या पायरीवर मी

मित्रांनो, मी एक जुना म्युझिक प्लेयर आहे. पाठीवर ओरखडे, पडद्याच्या कोपऱ्याला तडा, आणि आकाराने तुमच्या कंपासपेटीच्या निम्मासुद्धा नाही. पण हसू नका. म्हैसूरच्या या घरातले दोन कमरेइतके उंच स्पीकर आज माझ्या जिवावर गातात. हे भाग्य मला ज्यांच्यामुळे लाभले, त्यांची ही गोष्ट आहे.

अनुराग नोकरीसाठी साताऱ्याहून इथे आला तेव्हा मी त्याच्या खिशात होतो. कामावर जाताना हूटगळ्ळीच्या बसमध्ये तो मला कानाला लावून बसे. आपल्या सीडींवरची गाणी त्याने काही न कापता, जशीच्या तशी माझ्यात भरली होती. माझे पोट लवकर भरे, पण आवाज कसा स्वच्छ! मित्र मला हातात घेऊन कौतुक करत आणि मी फुगून जाई.

पुढे अनुरागचे लग्न पावनीशी झाले आणि आम्ही तिच्या या माहेरघरी राहायला आलो. तिचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे. वडील येसाजीरावांना गाणे ऐकायचे वेड, म्हणून तर ते मोठे स्पीकर. आई कमलिनीबाई मात्र स्वतः गात. दसऱ्याला इथे घरोघरी पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात. त्यांत मान लाकडी राजाराणीचा. ही जोडी मुलीला लग्नात माहेरहून मिळते. कमलिनीबाईंनी गाणे म्हणत आपले राजाराणी वरच्या पायरीवर बसवायचे, मगच बाकीच्या बाहुल्या, असा या घरचा रिवाज. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला अनुरागने ते गाणे हौसेने माझ्यात टिपून घेतले.

मग त्याने नवा फोन घेतला आणि मी खणात जाऊन पडलो. सोबतीला बंद पडलेली घड्याळे आणि कुलपे हरवलेल्या किल्ल्या. अनुराग मला विसरला, ते गाणेही विसरला. फार एकटे वाटे.

यंदा कमलिनीबाईंच्या घशाचे ऑपरेशन झाले. जीव वाचला, पण गळा गेला. कुजबुजण्याइतकाच आवाज उरला. दसरा जवळ आला तसे त्यांनी सांगून टाकले, "यंदा बोंबे बेडा. बाहुल्या पेटीतच राहू देत. गाण्याशिवाय राजाराणीला सुम्मने, उगाच बसवायचं?"

"दुसऱ्या कोणाचं गाणं लावतो की," येसाजीराव म्हणाले.

"दुसऱ्याच्या गाण्यावर माझ्या माहेरचे राजाराणी उठायचे नाहीत."

आणि तेव्हा अनुरागला मी आठवलो! माझी जुनी वायर शोधायला त्याने घर पालथे घातले. चार्ज झालो, डोळे उघडले. त्याने एका वायरचे टोक माझ्यात खुपसले आणि दुसऱ्या टोकाच्या लाल-पांढऱ्या पिना अँप्लिफायरला लावल्या.

"आईला ऐकून त्रास झाला तर?" पावनी हळूच म्हणाली. त्या धास्तीने अनुरागने माझा आवाज अगदी बारीक ठेवला आणि अँप्लिफायरचा भरपूर वाढवला. झाले! नुसती चरचर.

"अय्यो अनुरागराव, गाणं लावताय का दोसा भाजताय?" येसाजीराव म्हणाले.

मग माझा आवाज पूर्ण आणि अँप्लिफायरचा बेताचा, असे जमले. आणि स्पीकरमधून कमलिनीबाई गाऊ लागल्या.

त्या स्वयंपाकघरातून दारापर्यंत आल्या आणि चौकट धरून उभ्या राहिल्या. आज अडकू नकोस रे, असे मी स्वतःलाच बजावत होतो. गाणे संपले आणि लगेच माझ्यातूनच त्या वेळच्या येसाजीरावांचा आवाज आला, "साकु, पुरे गं कमल, कॉफी थंड होते!"

सगळ्यांनी येसाजीरावांकडे पाहिले. त्यांनी मान खाली घातली.

"इतकी वर्षं या डब्यांतनं जगाचं गाणं ऐकलात," कमलिनीबाई कुजबुजल्या. "माझं आज ऐकलात."

"हौदु, खरं आहे," येसाजीराव म्हणाले. "परत लावा, अनुरागराव. ह्या वेळी मी कॉफी मागत नाही."

कमलिनीबाई आत निघून गेल्या. आपण त्यांना दुखावले, असेच आम्हाला वाटले. पण त्या परत आल्या तेव्हा हातात रेशमी फडक्यातले राजाराणी होते. गाणे पुन्हा सुरू झाले. त्यांनी जोडी वर बसवली, आणि प्रत्येक शब्दाला त्यांचे ओठ हलत होते.

आता मी रोज गातो. माझ्यात मध्येच कोणाचा फोन येत नाही की जाहिरात येत नाही. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, येसाजीरावांनी स्पीकरला कुंकू लावले. कमलिनीबाईंनी मलाही टिकली लावली आणि खालच्या पायरीवर, मातीच्या हत्तीशेजारी बसवले. मित्रांनो, तुमच्याही खणात माझ्यासारखे कोणी पडले असेल. टाकून देण्याआधी त्याला एकदा चार्ज करा, आत काय आहे ते ऐका. माझ्यावर अनुरागचे हे उपकार आहेत.

संध्याकाळी शेजारची मुले बाहुल्या पाहायला येतात. माझ्याकडे बोट दाखवून विचारतात, "अज्जी, हा कोण?"

"हा माझा गळा आहे, कंदा, माझ्या बाळा," कमलिनीबाई कुजबुजतात. "हात लाव. पण हळू."