शेवटची पायरी

"आज तू नोको येऊ. मी एकटाच जातो नदीवर."

कौशल्या तांदूळ निवडत होती. हातातलं सूप तसंच राहिलं.

"एकटे? काहून? मी काय मेली का?"

"तसं नाई वो," मोतीलाल म्हणाला. "तीन महिने झाले, लहान लेकरासारखं हात धरून नेतेस. जन्मभर त्याच वाटेनं आंघोळीले गेलो मी. पायाले वाट मालूम आहे."

बोलणं खरं होतं. कौशल्यानं सूप बाजूला ठेवलं.

तीन महिन्यांपूर्वी, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या माघात, तो घरात मागावर बसला होता. पवनीच्या विणकरांत त्याच्या किनारीला मान होता. दोन दिवस डोकं ठणकत होतं, पण साडीचा पदर तेवढा उरला म्हणून हटून बसला. दुपारी त्यानं विचारलं, "धाग्यावर धूर काहून दिसून राहिला?" शेजारी सुताच्या कांड्या भरत बसलेल्या कौशल्यानं पाहिलं. धूर कुठंच नव्हता. चौथ्या दिवशी त्याला तिचं तोंडही दिसेना.

नागपूरला नेलं. डॉक्टरांनी तिला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं, डोळ्यांच्या नसा सुकल्या आहेत, नजर परत यायची नाही. कौशल्या आत आली आणि म्हणाली, "थेंब देल्ले आहेत. हळूहळू दिसन म्हणते." तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन थेंब टाकायची, आणि तो विचारायचा, "आखीन किती दिवस?"

आठवड्यापासून मात्र त्यानं विचारणं सोडलं होतं. परवा जेवता जेवता म्हणाला, "मी गेलो असतो तं तू मोकळी झाली असतीस." कौशल्यानं त्याच दिवशी वस्तरा लपवला, विहिरीचा दोर काढून ठेवला. शेजारच्या आनंदाबाईनंही बजावलं होतं, "त्याईले घाटावर एकटं सोडू नोको, माय. खाली डोह आहे."

आता नाही म्हटलं असतं तर तो भांडला नसता. गप्प बसला असता. त्या गप्प बसण्याचीच तिला धास्ती होती.

"जा," ती म्हणाली. "पण लवकर या."

काठी टेकत तो निघाला आणि दहा पावलं मागून ती निघाली, अनवाणी, पदराखाली बांगड्या दाबून. वाटेत बैलगाडी आली तेव्हा तिचा हात आपोआप पुढे गेला. मोतीलाल भिंतीला टेकून उभा राहिला, गाडी जाऊ दिली, पुन्हा चालू लागला. घाट आला. त्यानं कोरडं धोतर पायरीवर ठेवलं, वर काठी ठेवली आणि पायानं चाचपत एकेक पायरी उतरला. गुडघाभर पाणी. कंबरभर. घाटावर दुसरं कोणी नव्हतं.

त्यानं एक बुडी मारली. वर आला. दुसरी मारली. तिसऱ्या बुडीला वैनगंगेचं पाणी त्याच्या डोक्यावरून मिटलं आणि तसंच राहिलं. कौशल्यानं श्वास धरला. श्वास सुटला तरी पाणी हललं नाही. मग ती धावलीच. लुगड्यासकट पाण्यात शिरली. शेवटच्या पायरीवरून पाय सटकला आणि नाकातोंडात पाणी गेलं.

दंडाला घट्ट पकड बसली.

"कोण आहे? कौशल्या?" मोतीलाल ओरडला. "अवो, तुले पोहता तरी येते काय?"

ती खोकत राहिली. त्यानं तिला कवेत धरलं, पायानं पायरी शोधली आणि वर आणून बसवलं.

"इतका वेळ काय करत होते पाण्यात?" ती कशीबशी म्हणाली.

"काही नाई. पाण्याखाली डोळे मिटूनच राहतो आपण. पहिल्यासारखं वाटलं म्हणून थांबलो जरासा."

कौशल्याला रडू फुटलं. तीन महिन्यांचं सगळंच आलं. "अजी, मी खोटं बोलली तुमच्यासंग. नजर येत नाई आता. डॉक्टरनं तवाच सांगतलं होतं."

"मालूम आहे."

"कसं?"

"पहिले थेंब झोंबत होते. आठ दिवस झाले, झोंबत नाई. शिशी सरली ना?"

बाटली संपली त्या दिवसापासून ती तीत उकळून गार केलेलं पाणी भरत होती.

"मंग बोलले काहून नाई?"

"तू मांडीवर डोकं घेत होतीस," मोतीलाल म्हणाला. "बोललो असतो तं ते बी बंद झालं असतं."

पलीकडच्या रेतीवर ऊन चढलं होतं. मोतीलालनं कोरडं धोतर नेसून घेतलं आणि ओल्याचं एक टोक तिच्याकडे केलं. कौशल्यानं धरलं. तो उजवीकडे पिळत गेला, ती डावीकडे. मध्ये पीळ घट्ट होत गेला, पाण्याची धार पायरीवर पडत राहिली. "सोडू नोको," तो म्हणाला, आणि त्यानं आणखी एक वळसा दिला.