पाठीवरची थाप

कामठीबाहेरच्या कुरणात गवत कापायचं मशीन बैल ओढायचे, गिरिधर चालवायचा आणि त्याची लेक सत्यवती ऐकायची! हे शेवटचं मात्र बापलेकीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

वर्षानुवर्षं त्या खडखडाटावर बसून गिरिधरचे कान गेले होते. पात्यांना धार लावणं, ढिले रिवेट ठोकणं, तेल सोडणं, हे सारं तो डोळे मिटून करी. पण शेवटी चाक हातानं फिरवून आवाज ऐकावाच लागे. नुसतं सर्रसर्र आलं तर ठीक. मध्येच खट् झालं तर पात्यांचा दांडा सरकलेला. तसंच चालवलं, की दुपारपर्यंत मोडलाच म्हणून समजा. म्हणून शाळेआधी सत्यवती बापामागं उभी राही. ठीक असेल तर पाठीवर एक थाप, खट् वाजलं तर दोन.

"पोरगी बापाले शाबासकी देऊन राहिली का गा?" मुकादम मारोतराव हसे.

यंदा सत्यवती परीक्षेत जिल्ह्यात झळकली. शहरात, रामदासपेठेतल्या वसतिगृहात जागा मिळाली, दिवाळीनंतर जायचं! तिनं अंगणात गिरक्या काय घेतल्या, शेजारणींना काय सांगितलं! मग कुंपणापलीकडं मशीन दिसलं आणि ती जागच्या जागी थांबली.

"मी नाई जात," ती बापाच्या कानाशी ओरडली.

"काहून वं? मले हातानं समजते आता. उद्या पाह्य तू."

सकाळी गिरिधरनं चाक फिरवलं, लोखंडावर तळवा टेकला. सर्रसर्र. खट्. सर्रसर्र. खट्. सत्यवतीनं दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून ठेवले.

"एकदम बराबर हाये!" तो वळून हसला, गणित सुटलेल्या पोरासारखा.

तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं आणि ते हसू विरून गेलं. तिनं पाना उचलला, नट आवळला. गिरिधरनं पाना तिच्या हातून घेतला, धोतराला पुसला आणि सरळ मारोतरावासमोर नेऊन ठेवला.

"मले आयकू येत नाई जी. ही पोरगी आयके माह्यासाठी."

"मंग आताच काहून सांगून राहिला?"

त्याच्या ओठांकडं पाहत गिरिधर म्हणाला, "तिले जायाचं हाये."

दिवाळी सरली. सत्यवती ट्रंक घेऊन बसमध्ये बसली. कुरणाशी बस म्हशींपायी थबकली. मशीनवर आता नवा माणूस, बाबूलाल होता. गिरिधर कडेला दाताळ्यानं कापलेलं गवत ओढत होता. आणि तिच्या कानांवर आलंच, सर्रसर्र, खट्, सर्रसर्र, खट्.

"बाबा! दांडा सरकला! बाबाऽ!"

तिनं खिडकीबाहेर हात काढून पत्र्यावर दोन थापा मारल्या, जोरात, पुन्हा दोन. बैलांनी कान टवकारले. बाबूलालनं वळून पाहिलं, बसमधली सगळी माणसं वळली. गिरिधर तेवढा त्यांच्याकडं पाठ करून गवत ओढत राहिला.